तीन जीबी, सात दिवस

सार्पीतल्या माझ्या स्वयंपाकघरात दोन देश आहेत.
फोन चुलीपाशी ठेवला तर आमची वेळ,
खिडकीत ठेवला की एक तास मागे,
आणि लगेच संदेश : तुर्कस्तानात आपलं स्वागत आहे.
मी आपली राजमा निवडत असते.

नुग्झारने एकदा खिडकीत बसून
फुटबॉलची अख्खी मॅच पाहिली.
महिनाअखेरीस बिल आलं,
तेवढ्यात दोन्ही संघांना जेवू घातलं असतं.
तेव्हापासून खिडकीत फोन नाही,
मिरच्या वाळतात.

पण आता खरंच पलीकडे जायचंय.
होपाला मेदिहाच्या डोळ्याचं ऑपरेशन,
चार दिवस थेंब घालायला कुणी नाही.
वीस किलोमीटर. परदेश.

बातुमीला भाच्याच्या दुकानात गेले.
"किती डेटा हवा, आत्या?"
जसं काही मी परकराचं कापड मागतेय.
किती लागतो माणसाला?
"तू किती बोलतेस त्यावर."
तुझ्या काकांना विचार, म्हटलं. बाचाना हसला नाही.
एक पाकीट रोजचं, एक महिन्याचं, एक अमर्याद.
अमर्याद म्हणजे दोन जीबीनंतर गोगलगाय,
हे त्याने हळू सांगितलं, मालक आत होता.
शेवटी तीन जीबी, सात दिवस, बावीस लारी.
चार दिवसांचं कुणी विकत नाही.
कार्ड दे, म्हटलं. कार्ड नसतंच, म्हणाला.
काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन फोनसमोर धरला,
फोनने तो गिळला.
मग माझ्या तळहातावर पेनने लिहिलं :
जुनी लाइन, रोमिंग बंद.
नवी लाइन, रोमिंग चालू.
फोटो आपोआप उतरणं, बंद.
घामाने पुसेल रे, म्हटलं.
"मग पाठ कर."

पाठ करणं आमच्या घरातलंच.
आईची मावशी फेरिदे ओढ्याकाठी मका खुरपायची,
पलीकडे तिची सख्खी बहीण, तीही मकाच खुरपायची.
मधे तार, तारेपाशी बंदूक.
बोलायला बंदी होती, गायला नव्हती.
मान खाली घालून, लाझ भाषेत, रडक्या चालीवर
फेरिदे सांगायची : थोरला गेला, बुधवारी, ताप होता.
शिपायाला वाटायचं, शेतातलं गाणं.
एका कडव्यात एक मेलेला, तेवढंच मावायचं.
बारशी राहून जायची,
त्या चालीवर ती नीट बसत नसत.

सीमा ओलांडली आणि नेट नाही.
वर दोन दांड्या, खाली नुसतं गरगरणारं वर्तुळ.
तळहातावरचं 'चालू' पुसलं होतं,
'बंद' मात्र दोन्ही शाबूत.
केमालपाशाच्या थांब्यावर चहावाला पोरगा, युनुस.
मला तुर्की धड येत नाही. लाझमध्ये विचारलं.
त्यानेही लाझमध्येच उत्तर दिलं, जरा लाजत,
घराबाहेर कधी वापरत नसावा.
ट्रे गुडघ्यावर टेकवून त्याने एक बटण सरकवलं.
फोन थरथरला. नुग्झारचा पहिला संदेश :
मिठाचा डबा कुठे आहे.

चार दिवस मी चिक्कूपणा केला.
सकाळी दोन मिनिटं, रात्री दोन.
मेदिहाच्या डोळ्यावर पट्टी,
तिला फोनमध्ये दाखवण्यासारखं काही नव्हतं.
शेवटच्या रात्री पाहिलं तर दोन जीबी सातशे शिल्लक.
उरलेलं परत घेत नाहीत,
मका थोडाच आहे, पुढच्या वर्षी पेरायला.
तेव्हा नुग्झारला म्हटलं, व्हिडिओ लाव.
खिडकीत नको, चुलीपाशी.
बोलायचं काही नव्हतं, डबा सापडला होता.
त्याने फोन लोणच्याच्या बरणीला टेकवला
आणि खुर्चीतच झोपला.

हे काय वाजतंय, मेदिहाने विचारलं.
सार्पी घोरतंय, म्हटलं.
हसू नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं तिला.
फोन आम्ही दोघींच्या मधे उशीवर ठेवला.
तासाला चारशे एमबी जात होते,
जाऊ दिले.
तिकडे पाच वाजले तेव्हा इथे चार,
आणि बरणीमागे, अंधारात,
त्याच्या बनियनची एक बाही दिसत होती.